तुलनेचं गाव

डॉ. कमल ताकसांडे मॅडमांची आणि माझी पहिली भेट वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर झाली. मी नुकताच कृषी पदवीधर झालो होतो. एका आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राला गावोगाव फिरून माहिती गोळा करणारी मुलं हवी आहेत, एवढंच कानावर आलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आणि प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून मी उभा होतो. जीपमधून पन्नाशीला टेकलेल्या एक बाई उतरल्या. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या फाइलला त्यांनी हातही लावला नाही.

"घरी तूर पेरता?"

"हो मॅडम."

"वाण कोणतं?"

मी ऐटीत केंद्राच्याच वाणाचं नाव सांगितलं. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या गावात त्यांच्याच प्रकल्पातून ते बियाणं वाटलं गेलं होतं.

"बियाणं घरात कुठे ठेवता?"

इथे माझी गाडी अडली. चार वर्षं शेतकी शिकलो, पण आमच्याच घरातलं बियाणं कुठल्या कोपऱ्यात असतं ते मला ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आज आईला विचारा, उद्या येऊन सांगा आणि परवापासून कामाला लागा." घरी जाऊन विचारलं तर आई हसली आणि चुलीमागच्या मडक्याकडे बोट दाखवलं. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून तिनं तूर ठेवली होती. मी रोज त्या मडक्यासमोर बसून जेवत होतो.

मॅडम नेमकं काय काम करत होत्या, हे आमच्या जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. नातेवाईक समजत, त्या शेतकी खात्यात आहेत. शेजारी समजत, विमानखात्यात आहेत, कारण त्या सारख्या विमानानं जात. खरं काम असं. मोठ्या संशोधन केंद्रात नवं वाण तयार होतं, ते गरीब देशांतल्या शेतकऱ्यांपर्यंत पाठवलं जातं, मग समारंभ होतात आणि फोटो छापून येतात. पुढे दहा वर्षांनी त्या वाणामुळे कोणाच्या ताटात काही जास्तीचं पडलं का, हे जाऊन पाहणारं कोणीतरी लागतं. मॅडमांनी आयुष्यभर ते केलं. केनियात केलं, मलावीत केलं आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातही केलं.

त्यांचा सगळा अभ्यास एका प्रश्नावर उभा असे. "हे नसतं तर काय झालं असतं?" पीक वाढलं, ठीक आहे. पण नवं बियाणं आलं नसतं तरी ते वाढलं असतं का? पाऊस बरा झाला म्हणून वाढलं का? हे कळायला एक दुसरं गाव लागतं. जमीन तशीच, माणसं तशीच, फक्त तिथे ते बियाणं पोचलेलं नसावं. त्याला आम्ही तुलनेचं गाव म्हणत असू. मॅडम सांगत, की तुलनेचं गाव चुकलं तर पुढचं सगळं गणित पाण्यात.

ही सवय कुठून आली, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबत. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर समाजात शिक्षणाचं वारं आलं, त्यात या घरानं लेकीला शिकवायचं ठरवलं. त्यांची आई पोथीतल्या गोष्टीवरही सहजासहजी विश्वास ठेवत नसे. "कोनी सांगतलं म्हून मानाचं नाई, कमल. जाऊन पाहाचं," असं ती म्हणे. मॅडम म्हणाल्या, "मी पुढे जे शिकले ते याच वाक्याचं मोठं रूप होतं." मला ते तेव्हा नम्रतेचं बोलणं वाटलं. पुढे कळलं की ते शब्दशः खरं होतं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसलो, तो सांगतो. त्यात माझी लाज आहे, पण मॅडमांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात खोटं लिहिलं तर मॅडम तो ग्रंथ परत पाठवतील.

आमच्याकडे तुरीवर मर रोग येतो. उभं, फुलावर आलेलं झाड वाळून जातं. त्या रोगापुढे टिकणारं वाण केंद्रानं तयार केलं होतं, आणि तेच आमच्या जामकडच्या गावांत वाटलं गेलं होतं. त्याचा उपयोग झाला की नाही, हे आम्ही तपासायचं होतं. आमचा अहवाल वाचून केंद्राची समिती मर रोगावरचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवणार होती. काम बंद झालं असतं तर पुढची वाणं आलीच नसती, आणि त्यांची वाट इथले शेतकरीही पाहत होते आणि मलावीतलेही. एवढ्या मोठ्या गोष्टीत तुलनेचं गाव निवडण्याचं काम मॅडमांनी माझ्यावर सोपवलं.

मी प्रकल्पाचं वाटप रजिस्टर पाहिलं. आष्टी तालुक्यातल्या एका गावात केंद्राची एकही थैली गेली नव्हती. जमीन आमच्यासारखीच होती. मी ते गाव निवडलं. आणखी एक कारण होतं, ते मी कागदावर लिहिलं नाही. ते माझ्या बहिणीचं, निर्मलाताईचं सासर होतं. मुक्कामाची आणि जेवणाची सोय आपसूक झाली. तीन आठवडे मी तिच्याकडे राहिलो. दिवसभर चावडीजवळ बसून शेतकऱ्यांना विचारायचं, "प्रकल्पाचं बियाणं मिळालं का?" ते म्हणायचे, "नाई बाप्पा, आमच्याकडं कोनी आलंच नाई." मी "नाही" वर खूण करायचो आणि घरी येऊन ताईच्या हातचं वरण ओरपायचो.

वर्ध्याला येऊन आकडे मांडले तर जामकडे आणि आष्टीकडे तूर सारखीच पिकलेली. म्हणजे बियाणं वाटलं काय आणि न वाटलं काय, फरक शून्य. माझं तोंड उतरलं. मॅडमांनी कागद दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "फरक नसेल तर नाही असंच लिहायचं." हे त्यांच्याच केंद्राचं काम होतं. त्या एका वाक्यानं केंद्राच्या पंधरा वर्षांच्या कामावर पाणी पडणार होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी आवाज हलला नाही. मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला, तो अजून तसाच आहे.

पण सही करण्याआधी प्रत्येक गावात निदान एका घरी जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम होता. फॉर्म न घेता जायचं, नुसतं बसायचं. आष्टीकडच्या गावात बसायला घर कोणाचं, तर अर्थात ताईचं.

ताईनं पाहुण्या आल्या म्हणून वांग्याची भाजी, भाकर, वरण-भात असा बेत केला. मॅडमांनी वरणाचा घास घेतला.

"दाळ घरची का, निर्मला?"

"घरचीच तं. बीच मायेरचं हाय."

मॅडमांचा हात ताटावर थांबला. "मायेरचं म्हंजे?"

"लग्न झालं तवा इथली तूर सारीच वाळून जाये. म्या आईले सांगतलं. आईनं लुगड्याच्या फडक्यात बी बांधून धाडलं. यानंच तं आनून देल्लं एसटीनं." मग माझ्याकडे वळून, "काऊन रे भाऊ, इसरला का?"

मी विसरलो होतो. कॉलेजच्या सुट्टीत ताईकडे जाताना आईनं दिलेल्या पाच-सहा गाठोड्यांत एक ते होतं. एकात कुरड्या होत्या, एकात तीळ, एकात बी. मी फक्त कुरड्यांचं गाठोडं लक्षात ठेवलं होतं, कारण त्या वाटेत मोडल्या म्हणून बोलणी खावी लागली होती.

मॅडम माझ्यावर चिडतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या ताईला म्हणाल्या, "मंग तू कोनाकोनाले देल्लं?" ताई बोटं मोजू लागली. जाऊबाईला दिलं, समोरच्या काकूंना दिलं, शेजारणीच्या पोरीचं लग्न झालं तेव्हा पोरीच्या ओटीत घातलं. ज्यांना तिनं दिलं नव्हतं त्यांच्याकडे दुसऱ्या सुना होत्या, त्याही जामकडच्याच. जेवण आटोपल्यावर मॅडम ताईला घेऊन घरोघर फिरल्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच मागणं केलं, "बी दाखवता का, बाई?" दिवस मावळेपर्यंत मडक्यांची झाकणं उघडत गेली. केंद्राची तूर नसलेलं घर त्या गावात शोधावं लागलं. पुरुषांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे प्रकल्पातून खरंच कोणी आलं नव्हतं. त्यांच्याकडे सुना आल्या होत्या.

परतताना जीपमध्ये मॅडम एवढंच म्हणाल्या, "विलास, तू तुलनेचं गाव निवडलं नाहीस. सोयरिकीचं निवडलंस."

अहवाल द्यायची मुदत दहा दिवसांवर होती. केंद्रातून फोनवर फोन येत होते. मॅडमांनी मुदत वाढवून मागितली, आणि कारण कळवताना लिहिलं, "तुलनेचं गाव निवडताना माझी चूक झाली." माझं नाव कुठेही नव्हतं. मी हरकत घेतली तर म्हणाल्या, "गाव तू निवडलंस, पण तुझी बहीण कुठे दिली हे मी विचारायला हवं होतं." माझी नोकरी त्या दिवशी वाचली. नोकरीपेक्षाही काहीतरी वाचलं, कारण चूक कबूल करून माणूस लहान होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या फॉर्ममध्ये मग एक नवा प्रश्न आला. "लेकी कुठे दिल्या?" जिथे जामकडच्या लेकी गेल्या नव्हत्या अशी गावं आम्ही शोधली आणि पुन्हा पाहणी केली. तिथे उभी तूर वाळत होती. फरक स्वच्छ दिसला आणि मर रोगावरचं काम चालू राहिलं. केंद्रातले मोठे साहेब खूश झाले. सगळं श्रेय केंद्राच्या वाणाला द्यायला ते तयारच होते. मॅडमांनी अहवालात एक परिच्छेद वाढवला: वाण शास्त्रज्ञांनी तयार केलं, पण ते आमच्या गाड्यांपेक्षा लेकींच्या गाठोड्यांतून जास्त लांब गेलं, आणि दरवर्षी निवडून ते शुद्ध राखलं ते बायकांनी. साहेबांनी तो काढायला सांगितला. मॅडम म्हणाल्या, "मग माझी सहीही काढा." परिच्छेद राहिला.

परदेशातून येताना लोक चॉकलेटं आणतात, मॅडम किस्से आणत. पुढच्या वर्षी मलावीहून आल्या तेव्हा हसतच होत्या. "लेकी कुठे दिल्या?" हा आमचा प्रश्न तिथल्या बायकांना विचारला, तर त्या एकमेकींना टाळ्या देऊ लागल्या. त्या भागात जावईच बायकोच्या गावी राहायला येतो. मग प्रश्न उलटा केला, "मुलगे कुठे गेले?" वर्ध्यातल्या एका वरणाच्या वाटीतून निघालेला प्रश्न इतक्या लांब गेला, याचा मला आजही मनापासून अभिमान वाटतो. ताईला तर जास्तच आहे. ती सांगते, "मॅडमनं माह्यं वरण आफ्रिकेत नेलं."

मॅडम फार गोड स्वभावाच्या आहेत असं लिहिलं तर वाचणारे हसतील. त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "बरं आहे". माझी मुलगी जन्मली त्या दिवशी त्यांनी मला स्वतःची जीप देऊन दवाखान्यात पाठवलं आणि माझे उरलेले फॉर्म उन्हात फिरून स्वतः भरले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली: "लेक झाली, फार आनंद झाला. तुझ्या सातव्या फॉर्ममध्ये एकर आणि हेक्टरची गल्लत आहे." ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. ती मुलगी आता स्वतः संशोधन करते, आणि बी दाखवा म्हणायला तिला शिकवावं लागलं नाही.

या ग्रंथाचं ठरल्यावर आम्ही मॅडमांकडे परवानगी मागायला गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गौरव करता ठीक आहे. पण मी नसते तर हे झालंच नसतं, हे कशावरून? तुलना कशाशी केली?"

घरी येऊन मी खरंच शोधून पाहिलं. मॅडमांचा हात न लागलेलं एखादं गाव, एखादा विद्यार्थी, एखादं घर. आष्टीकडे पाहिलं, तिथे ताई बसलेली. जामकडे माझंच घर. वर्ध्यातल्या कॉलेजात त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी शिकवत आहेत, आणि "जाऊन पाहा" हे मॅडमांच्या आईचं वाक्य आपलं म्हणून सांगत आहेत. तेव्हा मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नम्रपणे असं आहे, की तुलनेचं गाव सापडत नाही. तुम्ही नसता तर काय झालं असतं, हे आम्हाला माहीत नाही, आणि ते कळण्याची आम्हाला जराही घाई नाही. तुमची तब्येत ठणठणीत राहो, पायातले बूट झिजत राहोत, आणि या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुष्कळ, पुष्कळ वर्षं मिळू नये. ताईनं तुमच्यासाठी फडक्यात बी बांधून दिलं आहे. या वेळी मी ते विसरणार नाही.