रिकाम्या पेटीपुढचा दिवा

आमच्या जळकोटच्या लहानशा चर्चमधला दिवा मार्ताबाई सांभाळायच्या. वेदीवरच्या पेटीत पवित्र भाकर, म्हणजे साक्षात येशू, असेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, असा रिवाज. दर शनिवारी त्या करडईचं तेल घालायच्या अन् येशूपुढं सुनेच्या कागाळ्या करत बसायच्या. लाल काचेतला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा, अन् बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा.

निजामाच्या शेवटच्या धामधुमीत फादर पवित्र भाकर घेऊन सोलापूरला गेले. पेटी रिकामी झाली, तरी दिवा तेवतच राहिला.

प्रार्थना सांगणारा सिमोन म्हणाला, "मावशी, आता विझवा. देव इथं न्हाय."

मार्ताबाई भडकल्या. "घरधनी गावाला गेला म्हून दारात अंधार करतेत व्हय रं? परतताना त्याला घर कसं घावंल?"