त्रेपन्न नंबरने ब्रेक का दाबला?

मी संशयी आहे. वेलिंग्टनमधल्या एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे सासूबाईंनी एके दिवशी जेवताना शांतपणे सांगितलं, "मंदार, माझं सांगलीचं तिकीट बघ. इथे आता मन रमत नाही," आणि कारण म्हणून स्टॉककार रेसिंगचं नाव घेतलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने ते कारण आमटीभाताबरोबर गिळलं. मला काही ते गिळवेना.

पण कारण अगदीच पोकळही नव्हतं. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे जॉन्सनव्हिलला राहायला आल्या. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला. मग आमच्या इराने आजीला टॅबवर स्टॉककारची रेस लावून दिली आणि घरात क्रांती झाली. इथली स्टॉककार म्हणजे चारी बाजूंनी लोखंडी बंपर ठोकलेली गाडी. मातीच्या गोल ट्रॅकवर पळायचं आणि समोरच्याला धडक द्यायची. धडक द्यायला नियमातच परवानगी आहे. टीम रेसमध्ये तर दोन्ही बाजूंच्या चार-चार गाड्या असतात. त्यातल्या काही जिंकायला पळतात आणि बाकीच्या समोरच्यांना अडवतात.

आई कॉलेजात कबड्डी खेळायच्या, कोपऱ्यातून पकड करायच्या. पळणारा आणि अडवणारा हा हिशोब त्यांना पहिल्या रेसमध्येच कळला. जिंकणाऱ्यांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांचा जीव जडला तो त्रेपन्न नंबरच्या अडवणाऱ्यावर. स्वतः कधी जिंकायचा नाही, पण दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचा नाही. "ह्याला म्हणतात पकड," असं त्या म्हणायच्या. रेस बघायला पैसे भरावे लागतात, ते आम्ही आनंदाने भरत होतो.

मग ती फायनल झाली. शेवटच्या फेरीत समोरच्या टीमची गाडी एकटी पुढे होती आणि त्रेपन्न वळणावर दबा धरून हळूहळू सरकत होता. धडकेच्या अंतरात ती आली आणि त्रेपन्नने चक्क ब्रेक दाबला. समोरचा निसटून जिंकला. आईंनी टॅब पालथा घातला. "आतून मिळालेत सगळे," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात तिकिटाचा विषय निघाला.

आमच्या कामात एक अनुभव नेहमीचा आहे: लोक तक्रार एका ठिकाणची करतात, बिघाड दुसरीकडेच असतो. लेकी बोले सुने लागे. रेसचं निमित्त आहे, खरी अडचण मी आहे, असा मला दाट संशय होता. पण तसं विचारणार कसं? आमच्यात कधी वर आवाज झाला नव्हता. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे की आमचं भांडणच होत नाही. म्हणून मी सोपा मार्ग काढला. सीझनची शेवटची रेस रविवारी दुपारी होती. म्हटलं, आई, प्रत्यक्ष बघून येऊ. दिवसभर गाडीत दोघीच असलो तर काहीतरी सापडेल.

सकाळी निघालो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. लेव्हिनच्या पुढे आहे एवढं पुरे, आणि असे ट्रॅक न्यूझीलंडभर आहेत. नव्या महामार्गाने डोंगर ओलांडला की एकदम समुद्र आणि कापिती बेट समोर येतं. ते बघायला तरी हा रस्ता धरावा. फक्त वाऱ्याच्या दिवशी स्टिअरिंग घट्ट धरा. ओटाकीपर्यंत रस्ता ऐसपैस आहे, पुढे एकेरी होतो आणि ट्रकमागे रांगायची तयारी ठेवावी लागते.

गाडीतलं संभाषण असं होतं. मी विचारलं, हीटर लावू का? त्या म्हणाल्या, तुला हवा असेल तर लाव. मी म्हटलं, तुम्हाला गार वाटतंय का? त्या म्हणाल्या, माझं काही नाही. मग मी हीटर थोडासा लावला, म्हणजे कुणालाच धड ऊब नाही. ओटाकीला मी चीज पाय, म्हणजे आत चीज भरलेली गरम पेस्ट्री, घेतला, त्यांनी घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मला एक धपाटा हवा होता. मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही. पोटभर खाल्लंस का, असं मात्र त्यांनी दोनदा विचारलं. माझा संशय वाढत चालला होता.

पुढे रस्त्याकडेला भोपळे आणि मक्याची कणसं मांडलेलं टेबल होतं. विकायला कुणी नाही, पैसे टाकायला नुसता डबा. मी त्या डब्याकडे आणि आजूबाजूच्या कुंपणाकडे कॅमेरा शोधत बघत राहिले. आईंनी कणसं घेतली, नाणी टाकली आणि म्हणाल्या, "तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं, पण विचारत कुणालाच नाहीस." मी हसून सोडून दिलं.

ट्रॅकच्या दारावर "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करत मनगटाला पट्टी बांधली. तिकीट माणशी तीसेक डॉलर, ज्येष्ठांना कमी. सोबत नेण्याच्या गोष्टी: बसायला उशी, पांघरायला ब्लँकेट, कानात घालायला बोळे, आणि मळले तरी चालतील असे कपडे. वळणाजवळ बसलात तर ओल्या मातीचे गोळे थेट अंगावर येतात. आम्ही वळणाजवळच बसलो, कारण पकड तिथेच दिसते. पहिल्याच रेसमध्ये आईंचा चष्मा आणि माझे गरम चिप्स मातीने माखले. चिप्स तरी मी खाल्ले. पैसे भरले होते.

शेजारी पॅट नावाच्या बाई होत्या, वय आईंएवढंच, गुडघ्यावर निळं ब्लँकेट. लहानपणापासून याच बाकावर बसतात म्हणे. त्यांच्या तक्रारी ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पूर्वी पोरं मागच्या शेडमध्ये भंगारातून गाडी जोडायची, आता गाड्या घरापेक्षा मोठ्या ट्रकमधून येतात. पूर्वी वाकलेला बंपर मिरवायचे, आता स्पॉन्सरचं स्टिकर खरवडेल म्हणून जपून चालवतात. धडक दिली की पंच झेंडा दाखवतो, नाही दिली की माइकवाला उगाच ओरडतो. सगळे आपले हळुवार, सगळे सभ्य. हे सगळं मी आईंना मराठीत सांगत होते आणि त्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या.

"आणि त्रेपन्न?" आईंनी विचारायला लावलं.

पॅट बाईंनी आवाज खाली केला. अर्ध्या गावाला वाटतं, त्याने पैसे खाल्ले. उरलेल्या अर्ध्याला वाटतं, तो घाबरला. त्याला स्वतःला विचारलंय का कुणी, असं मी म्हटलं, तर त्या दचकल्या. "नाही गं. असं कसं विचारणार?"

त्रेपन्न त्या दिवशी तीन रेस पळाला आणि एकालाही धड धक्का दिला नाही. लोकांनी हुर्यो उडवली. माणूस खेळतोय पण मैदानात नाही, असं काहीतरी आई पुटपुटल्या.

आता सगळ्यात महत्त्वाची माहिती. रेस संपल्या की पिट्स, म्हणजे गाड्या उभ्या करायची मागची जागा, लोकांसाठी उघडतात. कुणीही आत जावं, गाडीला हात लावावा, ड्रायव्हरशी बोलावं. मुलं टोप्यांवर सह्या घेत होती. एवढ्या गर्दीत त्रेपन्नच्या गाडीपाशी कुणी नव्हतं. त्याला इथे डीन म्हणू, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. मातीने भरलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन टायरवर बसला होता.

आई सरळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "विचार. तू त्याला जाणूनबुजून सोडलंस का?"

मी इंग्रजीत म्हणाले, की माझ्या सासूबाई तुमच्या मोठ्या चाहत्या आहेत, फायनल फार अटीतटीची झाली, तेव्हा नेमकं काय झालं असावं, याचं त्यांना कुतूहल आहे. डीन म्हणाला, थँक्स, ट्रॅक जरा ओला होता.

आईंना इंग्रजी बोलता येत नसलं तरी थोडंफार समजतं. त्या माझ्याकडे वळल्या. "गुळगुळीत करून सांगू नकोस. मी विचारलं तसं विचार की."

उगाच अपमान होईल, माणूस चिडेल, आम्ही परक्या. पण त्या हलेनात. मग मी डोळे मिटल्यासारखं करून, जसंच्या तसं, एका वाक्यात विचारलं.

डीनने हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाला, "हो. सोडलं."

ती दुसऱ्या टीमची गाडी चालवणारा मुलगा त्याच्या लेकीचा जोडीदार होता. लेकीला दिवस गेले होते. अख्खा मोसम डीन त्याला धडक देणं टाळत होता, आणि फायनलच्या त्या वळणावर त्याच्या डोळ्यांसमोर गाडी आलीच नाही, रविवारचं जेवणाचं टेबल आलं. पैसे नाहीत, भीती नाही. घरातलं माणूस म्हणून त्याने पाय मागे घेतला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. लोक नुसते लांबून बघत होते.

"मग पोरगा खूश असेल," आई म्हणाल्या. हे मी लगेच सांगितलं.

डीनने मान हलवली. "तो माझ्याशी बोलत नाही. कप त्याने गॅरेजमध्ये ठेवलाय, घरात आणला नाही. म्हणतो, तुम्ही मला खेळाडू समजलाच नाहीत. मुलगीही त्याचीच बाजू घेते."

आईंनी त्याच्या गाडीच्या बंपरवर हात ठेवला. मोठा, काळा, एकही नवा ओरखडा नसलेला बंपर. "बरोबर आहे पोराचं," त्या म्हणाल्या. "सांग याला. पुढच्या वेळी मार म्हणावं. जोरात मार."

हे मी अजिबात मऊ न करता सांगितलं. डीन पहिल्यांदा हसला, आणि म्हणाला, नवा सीझन सुरू झाला की बघायला या.

परतीला लेव्हिन मागे पडलं. मी हीटर लावू का विचारणार होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या.

"तूही तेच करतेस."

"काय करते?"

"ब्रेक दाबतेस. मी येऊन दोन हिवाळे झाले. मी तुझ्या फडताळातले डबे हलवले, तू बोलली नाहीस, गुपचूप परत जागेवर ठेवलेस. काही खटकलं तर मंदारकरवी निरोप. माझ्याशी हो आई, चालेल आई. असं पाहुण्यांशी वागतात. मला भांडणारं कुणी नाही त्या घरात. पाहुणी किती दिवस राहणार?"

म्हणजे माझा संशय खरा होता. अडचण मीच होते, फक्त मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट कारणाने. एवढी सांभाळून वागले, आणि वर हे ऐकायचं? डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. त्यातला राग आधी बाहेर पडला. मी म्हटलं, "आई, तुम्ही माझ्या नॉनस्टिक तव्यावर स्टीलचा कालथा चालवता. तीन तवे खरवडलेत. मला प्रत्येक वेळी मरणाचा संताप येतो."

"आणि?"

"आणि मी घर गरम करायला हीट पंप लावला की तुम्ही खिडकी उघडता."

"आणि?"

"आणि सकाळी मला धपाटा हवा होता."

"मग मागायचास की," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांची पाळी सुरू झाली. माझं पोरीशी घरातही इंग्रजीत बोलणं, फ्रिजमध्ये बुरशी धरेपर्यंत ठेवलेले डबे, आणि मुख्य म्हणजे माझी गूळ घातलेली पुणेरी आमटी, जी त्यांनी दोन वर्षं छान झालीय म्हणत खाल्ली होती. म्हणजे ब्रेक त्यांनीही दाबला होता, हे मी तिथल्या तिथे सुनावलं. त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, हो, दाबला. परतीच्या प्रवासात कापिती बेट डाव्या बाजूला होतं का उजव्या, हे मला आठवत नाही. आम्ही जॉन्सनव्हिलच्या उतारापर्यंत भांडत होतो.

आवाज ऐकून मंदार घाबरून गॅरेजमध्ये आला. दोघींच्या केसांत माती, दोघी लाल. त्याला वाटलं, झालं, आता संपलं. त्याने हळूच सांगितलं की तिकिटं पाहून ठेवलीत, उद्यापर्यंत दर बरा आहे.

"राहू दे ते," आई म्हणाल्या. "उद्या तवा आणायचाय."

या गोष्टीला आता महिना झाला. गाडीच्या पायपुसण्यांत त्या ट्रॅकची माती अजून आहे, कितीही झटकली तरी निघत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी पिट्स उघडेपर्यंत नक्की थांबावं. गाड्या महाग झाल्यात, माइकवाला कंटाळवाणा आहे, धडका कमी झाल्यात, या पॅट बाईंच्या तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत. पण तिथे अजून सरळ चालत जाऊन विचारता येतं. आई नव्या सीझनची वाट बघतायत, त्या दोघांची टक्कर बघायची आहे म्हणतात. खरंच रेससाठीच थांबलात का, असं मी काल विचारलं. पूर्वी विचारलं नसतं. त्या म्हणाल्या, अर्धी रेससाठी.

परवा त्यांनी माझ्या आमटीचा घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. गोड आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, मग उद्यापासून तुम्ही करा. काल त्यांनी केली, सांगलीची, लालभडक. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखट झालीय, असं मी त्यांना सांगितलं, आणि आणखी वाढून घेतली.