दुपारी झोपलेला माणूस

"बोल, सबको बता. तेरे पापा कितने बजे उठते हैं?"

टीचरनी मला बाकावर उभं केलं होतं. मी म्हणाले, "चार बजे. शाम को." वर्ग खदखदून हसला. टीचरसुद्धा हसल्या. मागून कुणीतरी गुजरातीत ओरडलं, "कुंभकर्णनी छोकरी!" ते नाव मला शाळा संपेपर्यंत चिकटलं.

झालं होतं एवढंच. इंग्रजीच्या पुस्तकात एक धडा होता. एक माणूस भर दुपारी झोपलाय. शेजारीण दार वाजवते, तो उठत नाही, ती चिडून निघून जाते. धड्याखाली आधी सोपे प्रश्न, उत्तरं धड्यातून शोधून उतरवायची. मग शेवटचा, त्याच्यावर छापलेलं: विचार करून उत्तर द्या. हा माणूस कसा आहे? तुम्हाला असं का वाटतं?

मी विचार केला. तिथेच चुकलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, हा माणूस दमलाय. याची रातपाळी असेल, माझ्या वडिलांसारखी.

गाइडमध्ये उत्तर होतं: आळशी.

धड्यात तसं कुठेही नव्हतं. पण टीचरना दुपारी झोपणारा दुसरा कुठला माणूसच ठाऊक नव्हता. आणि आमच्या लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या गल्लीत तर घरोघरी एक झोपलेला. माझे वडील कापडाच्या लूमवर रातपाळीला, काका दिवसपाळीला. दोघांत एकच गोधडी. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. खिडकीला साडीचा तुकडा लावून आई अंधार करायची आणि दटावायची, "हयू बोल. तुना बाप झोपेल शे." दुपारी आमच्याकडे कुणी कुणाची कडी वाजवत नाही. दाराशी येऊन हलक्या आवाजात हाक मारतात. कडी वाजली की समजायचं, बाहेरचं कुणीतरी आलंय.

टीचरनी मला खोडरबर दिलं. सगळ्यांसमोर माझं उत्तर मला खोडायला लावलं आणि वर 'आळशी' लिहून घेतलं. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा वडील झोपलेले. तोंड उघडं, केसांत कापसाची बारीक धूळ. मला त्यांचा राग आला. त्यांचा! उठल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आज काय शिकाडं शायमा?" मी म्हणाले, "काही नाही."

शिकले होते की. 'विचार करा' असं छापलेलं दिसलं की हात बांधून बसायचं, फळ्यावर उत्तर येईपर्यंत. या पोपटपंचीवर मी भरपूर मार्क मिळवले आणि इंग्रजीची टीचर झाले. लिंबायतच्याच एका खासगी शाळेत. वर्ग खचाखच भरलेले, आवाज बसलेला, पाय सुजलेले. वडील आता नाहीत.

पुस्तकाचं कव्हर तेवढं बदललंय. धडा तोच आहे.

आमच्या सुपरवायझर मॅडम मराठीच. शहराच्या चांगल्या भागातून गाडीने येतात. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलेलं, "अगं, या मुलांना विचारांचे प्रश्न झेपत नाहीत. घरी आहे कोण विचार करणारं? उत्तर लिहून दे, पाठ करून घे." मी हो म्हणाले. थकलेल्या माणसाला हो म्हणणं सोपं असतं.

यंदा सहामाहीच्या पेपरात तो प्रश्न आला. सगळ्यांनी पाठ केलेलं 'आळशी' लिहिलं. एका मुलीने लिहिलं नाही. तिने लिहिलं, तो रात्री कामाला जात असेल. बाईने दार वाजवायला नको होतं.

मी तिचं उत्तर दोनदा वाचलं. मग पूर्ण मार्क दिले.

पेपर फेरतपासणीला मॅडमकडे गेला. त्यांनी मला बोलावून घेतलं. "हे चूक आहे. आन्सर की बघितली नाहीस का? मार्क खोड."

"नाही खोडणार, मॅडम. तिने विचार करून लिहिलंय. प्रश्नात तेच सांगितलंय."

"सगळेच असे मनाचं लिहायला लागले तर?"

"लिहू देत. माझे वडील दुपारी झोपायचे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तोच संबंध आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला नाही. चढवायला अंगात ताकदच नव्हती.

पेपर सरकवत त्या म्हणाल्या, "बरं. पुढच्या वर्षी तुला ठेवायचं का, ते बघू."

घरी येताना रिक्षात डोळे मिटले तरी झोप आली नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधेन. दुसरी शाळाही अशीच असेल. तिथेही गाइड असेल, आणि मी अशीच दमलेली असेन.

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारला. फळा कोरा ठेवला. पोरं सवयीने हात बांधून बसली, फळ्याकडे बघत. मी खुर्चीत बसले आणि सांगितलं, "मी काही लिहून देणार नाही."

बसू देत. मीही बसेन. मला कामावरून काढतील तेव्हा काढतील. तोवर या वर्गात कुणाच्याही बापाला आळशी लिहून घेतलं जाणार नाही, आणि मी कुणाच्या हातात खोडरबर देणार नाही.