गुलाबी सीटची जीप

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले फक्रुद्दीनभाई ड्रायव्हर म्हणजे पोटातलं ओठावर यायला वेळच न लागणारा माणूस. भाच्याच्या लग्नासाठी मुलीकडचे चौकशीला आले, तर भाई म्हणाले, "पोरगं लाखात एक हाय पावणं, पन उठतंय दुपारी." लग्न मोडलं. भाचा अजून बोलत नाही.

एका सरकारी खात्यात साहेबांची जीप चालवण्यात भाईंची सगळी नोकरी गेली. आमच्या तालमीच्या टीमनं फुटबॉलची फायनल मारली, त्या दिवशी ते डिझेल भरून परत निघाले होते. पोरांनी वाटेत अडवलं, गोलकीपर सम्राटला बॉनेटवर चढवलं, बाकीचे गुलालासकट आत घुसले आणि भाईंनी पेठेतून एक फेरी मारली. तिकडं साहेबांना मलकापूरला मीटिंग. घाईत ते मागच्या सीटवर बसले आणि उतरले तेव्हा पांढरी पँट मागून गुलाबी. मीटिंगचा विषय कुणाला आठवत नाही, पँट सगळ्या तालुक्याच्या लक्षात आहे.

चौकशी लागली. पोरांनी जबरदस्ती केली असं भाई म्हणाले असते, तर एखादी वेतनवाढ रोखण्यावर भागलं असतं.

"गाडी तुम्हीच चालवत होता?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मग काय सायेब, आपली आपन चालली?"

"पुन्हा असं होणार नाही ना?"

"फुडल्या वर्षी परत जिकलो तर? आत्ताच कसं सांगू?"

अहवालात 'पश्चात्ताप नाही' असं आलं आणि भाई बडतर्फ झाले. नोकरीबरोबर पेन्शनही गेलं.

मुंबईच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात ते हरले. पुढं हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरातच आलं आणि वकील संयोगिताताईंनी केस घेतली. "आत तोंड उघडायचं नाही," ही त्यांची एकच फी. भाईंनाही एकच हवं होतं, नोकरीचं वय संपायच्या आत परत त्या स्टेअरिंगवर बसायचं. कोर्टानं सांगितलं की चूक झाली आहे, चौकशीही रीतसर आहे, त्यात आम्ही पडणार नाही. पण एवढ्यासाठी बडतर्फी फारच झाली. ती रद्द. नवी शिक्षा खात्यानं ठरवावी.

"म्हंजे परत त्येंच्याच हातात?" भाईंनी बाहेर येऊन विचारलं.

"शिक्षा ठरवणं कोर्टाचं काम नाही, चाचा. या वेळी माफी मागा."

घरी हुसेनबी म्हणाल्या, "एक बार बोल देव ना जी, गलती हुई करके. जुबान घिसती क्या?"

भाई ऑफिसात गेले. खुर्चीत साहेब तेच, गुलाबी पँटवाले, बढती मिळून बसलेले. भाई मान खाली घालून म्हणाले, "चुकलं सायेब. परत न्हाय करनार." साहेबांनी चहा मागवला. आम्हाला वाटलं, झालं काम.

आठवड्यानं आदेश आला. कोर्टाचा मान राखून, बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती. पेन्शन सुरू, जीप कायमची बंद.

"परत कोर्टात जाता येईल," संयोगिताताई म्हणाल्या, "पण निकाल लागेपर्यंत तुमचं वय उलटून जाईल."

भाई बराच वेळ गप्प बसले. हा प्रकार पेठेनं कधी पाहिला नव्हता.

"नोकरी ऱ्हाऊ द्या, ताई," ते शेवटी म्हणाले. "मी मागितलेली माफी तेवढी परत घेता येती का, बघा की."

संयोगिताताई चष्मा पुसत राहिल्या. कायद्यात तशी काही सोय नव्हती.