नव्या फादरसाठी लाल गरम कपडे

बाप्तिस्म्याच्या दिवशी तान्ह्या बेक मिन्सूने असा टाहो फोडला, की कोरियातल्या मोक्पो बंदराच्या बोटी भोंगा वाजला समजून माघारी फिरल्या, असं मासे विकणाऱ्या आगाथाबाई सांगत. त्यांची त्याची ती पहिली भेट. आता तो फादर झाला होता आणि त्याच्या अंगावर राहील अशीच भेट त्यांना द्यायची होती.

"मिस्सेच्या प्रार्थनेत लागतो तो प्याला द्या की," शेजारीण रोझा म्हणाली.

"तो त्याच्या आईचा मान. मी लाल गरम बनियन-पायजमा देणार."

"अहो ताई, तो तर आपल्याकडे पोरं पहिल्या पगारात आईबापाला घेतात!"

"मग याला कुठली पोरं घेणार आहेत, सांग बरं?"

फादरने हसत पुडकं घेतलं. पुढच्याच महिन्यात बिशपांनी त्याला पापुआ न्यू गिनीला पाठवलं. तिथे हिवाळा नसतो.