निर्मलाचा खारपाणपट्टा

निर्मला गेल्याचा फोन तिच्या वहिनींनी अकोल्याहून केला. आजार बरेच महिने चालला होता, त्यामुळे धक्का असा बसला नाही. मी गॅस बंद केला, बडनेरा स्टेशनवर गेले आणि मिळेल ती गाडी धरली.

एम.ए.ला असताना अमरावतीत आम्ही एकाच खोलीत राहायचो. पुढे ती अकोल्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवू लागली आणि सुट्ट्यांमध्ये पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं अशा भागात, विहिरींचं पाणी तपासत हिंडू लागली. कुठल्या गावाचं पाणी किती खारं, याचा एक सलग नकाशा तिला करायचा होता. विहिरी वाढत गेल्या तसा तो तिच्या जुन्या संगणकाला पेलेना. नकाशा उघडला की पडदा गोठायचा. तिने जास्तीची मेमरी आणून बसवली, पण मदरबोर्ड इतका जुना की त्याला ती ओळखताच येईना. "पट्टी लावली, पण मशीनले ते दिसूनच नाही राहिली," ती फोनवर म्हणाली. नवा संगणक घे म्हटलं, तर तो शिकण्यात वेळ जाईल, तेवढ्यात एक तालुका होतो, असं तिचं उत्तर. शेवटी तिने नकाशाचेच तुकडे केले आणि एकेक रंगवत राहिली; पाणी जितकं खारं, तितका गावाचा ठिपका गडद. अख्खा नकाशा तिने कधी पाहिलाच नव्हता...

उपचारांसाठी ती अमरावतीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही ते तुकडे माझ्या नव्या संगणकावर जोडले. नकाशा एका दमात उघडला. मग तिने पूर्णेच्या काठाशी बोट ठेवलं. तिथे एक गाव कोरं होतं. दोन तुकड्यांच्या कडेला आल्यामुळे ते दोन्हींतून सुटलं होतं.

मी म्हटलं, आजूबाजूच्या गावांवरून रंग भरून टाक, कुणाला कळणार आहे?

"मले कळंल ना," ती म्हणाली.

डॉक्टरांना न विचारताच आम्ही गाडी करून गेलो. विहिरीपर्यंत तिला चालवेना, म्हणून पाणी मी काढून आणलं. क्षार मोजायचं मीटर तिने गाडीतच बसून त्यात बुडवलं. हे पाणी आमची जनावरंही तोंडात घेत नाहीत, असं तिथल्या एका बाईंनी सांगितलं. घरी आल्यावर निर्मलाने स्वतः ठिपका भरला. साऱ्या नकाशात सर्वांत गडद तोच.

आता तो नकाशा तिच्या कॉलेजच्या भूगोल विभागातल्या भिंतीवर लावला आहे. परवा मी तिथे गेले, तेव्हा एक विद्यार्थिनी त्या गडद ठिपक्यावर बोट ठेवून मैत्रिणीला सांगत होती, "हे पाह्य, आमचं गाव."