लवूच्या गिटारीचा कौल

आचऱ्याच्या आमच्या वाडीत लवूच्या घरी जाळं आणि इलेक्ट्रिक गिटार शेजारशेजारच्या खुंट्यांवर टांगलेली असत. जाळ्याला खाडीचा वास यायचा आणि गिटारीला जाळ्याचा.

लवू होडीवर जाणारा माणूस. मधली काही वर्षं तो गोव्याला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होता. तिथे संध्याकाळी एक म्हातारा परदेशी माणूस गिटार वाजवी. भांडी आटोपली की लवू त्याच्या पायाशी जाऊन बसे. म्हाताऱ्याने त्याला शिकवलं आणि मायदेशी जाताना आपली जुनी गिटार देऊन टाकली. १९९८ साली लवू गावी परतला, तो ती गिटार, आवाजाची एक जड पेटी आणि ब्लूज नावाचं खूळ घेऊन.

"ब्लूज म्हंजे काय रे?" मी विचारलं.

"दादा, कोण मेल्यार बायका हेल काडून रडतत ना, तसा. पण तालात."

मी लवूचा शेजारी, जन्मभर जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत काम केलं. गाण्यातलं मला कळत नाही, मेहनतीतलं कळतं. लवू पहाटे समुद्रावर जाई, येऊन जाळं धुई आणि मग जेवायच्या आधी गिटार घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. मिठाच्या पाण्याने बोटं फाटलेली, त्यांनीच लोखंडी तारा दाबायच्या. एकच तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवी. चुकला की हळू करून वाजवी. त्याला कंटाळलेला मी कधी पाहिला नाही. पेटी उचलून न्यायचं काम मात्र माझ्याकडे असे. चिऱ्याला हात घालायला कोपरा असतो. त्या पेटीला धरायला जागाच नव्हती.

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की वाडीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा होते आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम. त्यात लवूला दर वर्षी एक गाणं मिळे. वर्षभराची मेहनत त्या एका गाण्यासाठी. पण २००४ साली घोटाळा झाला. लवूने वायर जोडली आणि मांडवभर मोठा भुंगा शिरल्यासारखी घरघर सुरू झाली. गाणं कुणाला ऐकूच आलं नाही. एक म्हातारी शिमग्याच्या सोंगातला शंकासुर आला म्हणून उठून घरी गेली.

मंडळाचे अध्यक्ष भाई. त्यांचा बर्फाचा कारखाना, त्यामुळे बोलणंही थंड.

"लवू, फुडल्या वर्सा एकदा वाजव," ते म्हणाले. "परत घरघरली तर गिटार बंद. कायमची."

लवूची बायको गोदूबाई आचऱ्याच्या बाजारात मासे विकते. तिने ते ऐकलं आणि घरी जाऊन माळ्यावर गिटारीपुरती जागा रिकामी करून ठेवली. लवूने ती जागा पाहिली. त्या रात्री तो कमी जेवला.

कट्टा गावात विराजचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने गिटार उघडून दाखवली. तारांच्या खाली एक चुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. वर तारा हलल्या की तो ते हलणं पकडतो आणि पेटीकडे पाठवतो. लवूचा पिकअप खाऱ्या हवेने हिरवा पडला होता.

विराजने मुंबईच्या ओळखीच्या दुकानातून दोन पिकअप मागवले. एक ठेवायचा, एक परत करायचा, असा वायदा. एक सिंगल, म्हणजे एकाच गुंडाळीचा. दुसरा डबल, म्हणजे शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या, एकमेकींच्या उलट.

"डबल घे, लवूदादा," विराज म्हणाला. "ट्यूबलाईटीची, वायरिंगची घरघर एक गुंडाळी घेता, दुसरी मारता. स्टेजार तोच बरो."

"आणि आवाज?"

"जाडसर येतलो. रॉकाक चांगलो. तुझ्या त्या रडण्याक सिंगल बरो, पण तो घरघरता."

इथून लवूची झोप उडाली. सकाळी एक पिकअप बसवी, संध्याकाळी दुसरा. दर खेपेला सगळ्या तारा काढायच्या, वायरींना सोल्डरचा डाग द्यायचा, तारा चढवायच्या, सूर लावायचे. हे सगळं करून झालं की मला बोलावी.

"दादा, ऐक. हो सिंगल. मुडदुशी कशी, काटो बारीक, चव साफ." मग दुसऱ्या दिवशी, "हो डबल. सुरमयची जाड तुकडी. तोंड भरता, पण मुडदुशीची चव तेका नाय."

मला दोन्ही सारखेच वाटले. तसं मी सांगितलं नाही. इतक्या तारा काढून घातलेल्या माणसाला तसं सांगवत नाही.

गोदूबाईने सांगितलं. "दोनांतूनय मांजरच रडता," ती टोपली उतरवता उतरवता म्हणाली. "एक उपाशी, एक जेवलेला."

"मगे तुका खंयचा बरा वाटता?" लवूने आशेने विचारलं.

"गप बसलेला."

मजा अशी की लवूच्या घरात सिंगल अजिबात घरघरत नव्हता. घरात होता एक पिवळा बल्ब, आणि तोही वीज असली तर. त्यामुळे लवूला वाटू लागलं की मागच्या वर्षीचा दोष हिरव्या पडलेल्या तारेचाच होता. मन सिंगलकडे ओढत होतं आणि माळ्यावरची रिकामी जागा डबलकडे. शेवटी तो म्हणाला, "दादा, देवाक कौल लावया."

आमच्याकडे लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो, कौल लावतात. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा मिळालेला कौल मोडता येत नाही.

आम्ही तिघे देवळात गेलो. लवू, मी आणि दोन्ही पिकअप खिशात घेऊन विराज. बाबू गुरवाने पाकळ्या लावल्या.

"काय इचारू?"

"सिंगल बसवू काय डबल?"

"ह्या का त्या, असा देवाक इचारूचा नसता. देव व्हय म्हणता नायतर नाय म्हणता. एकाचा नाव घे."

लवूने देवाकडे पाहिलं, विराजच्या खिशाकडे पाहिलं. "सिंगल," तो म्हणाला. निकाल मला वाटतं तिथेच लागला होता. देवाने फक्त सही करायची होती.

बाबूने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू लवू तुझ्या पायाकडे इलो आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तेच्या गिटारीक जो काय..." बाबूने एक डोळा उघडला. "काय म्हणतंस तेका?"

"पिकअप."

"जो काय पिकअप बसवूचो आसा, तो सिंगल बसवूचो असात तर उजवो कौल दी. आणि जाळ्यात, बाजारात, वाजवण्यात तेका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. बाहेर आल्यावर विराज म्हणाला, "वर पंखो चालू होतो." डबल पिकअप एसटीने मुंबईला परत गेला.

पूजेचा दिवस उजाडला. मांडवात मागच्या बाजूला पूजेचा चौरंग, त्याच्या शेजारी प्रसादाच्या परातींजवळ बायका, त्याच्या पुढे गाणाऱ्यांसाठी फळ्यांचा मंच आणि मंचासमोर लोकांच्या खुर्च्या. भाईंनी यंदा हौसेने मांडवभर ट्यूबलाईट लावल्या होत्या. खांब दिसत नव्हते इतक्या. मी पेटी मंचावर चढवली. कार्यक्रमाला अवकाश होता. लवूने गिटार गळ्यात घातली, लोकांच्या खुर्च्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि बटण दाबलं.

भुंगा परत आला. मागच्या वर्षीपेक्षा धष्टपुष्ट.

लवूचा चेहरा सुकत घातलेल्या बोंबलासारखा झाला. भाई मंचाजवळ आले.

"बंद कर."

"भाई, कौल झालेलो आसा," बाबू गुरव खालून म्हणाला. "उजवो. मी स्वतः लावलंय."

भाई थांबले. कौलाच्या विरुद्ध जायला अध्यक्षपद पुरत नाही. पण ते बर्फवाले होते, घाई त्यांना माहीत नव्हती.

"देवान गिटार वाजव म्हणान सांगल्यान," ते म्हणाले. "घरघर वाजव म्हणान सांगल्यान नाय. ती बंद झाली तर वाजव. नायतर दादा पेटी उतरवतलो."

मी पेटीकडे पाहिलं. चढवून अजून घामही वाळला नव्हता.

विराजने वायर काढून घातली, पेटीची बटणं फिरवली. काही फरक पडेना. लवू मग माझ्याकडे वळला. मी मागे, चौरंगाच्या बाजूला उभा होतो. "दादा," तो म्हणाला, "जाऊंदे. उतरव."

त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. इतकं स्वच्छ की आम्ही दोघेही चमकलो. घरघर गेली होती.

लवू पुन्हा खुर्च्यांकडे वळला. भुंगा. चौरंगाकडे वळला. शांत. अर्धवट वळून पाहिलं तर अर्धा भुंगा.

"सिंगलाचा असाच असता," विराज कपाळाला हात लावून म्हणाला. "एका बाजूक धरलो की घरघर पकडणा नाय. माझ्या लक्षातच इला नाय. लवूदादा, हललंस तर मेलंस."

लवूने ते ध्यानात ठेवलं. त्याची पाळी आली तेव्हा तो मंचावर चढला, लोकांना पाठ केली आणि सत्यनारायणाकडे तोंड करून उभा राहिला. विराजने त्याच्या पायांभोवती खडूने खूण केली. मग त्याने वाजवलं.

मी आधीच सांगितलं, गाण्यातलं मला कळत नाही. पण वर्षभर तुकड्या-तुकड्याने ऐकलेलं मी त्या दिवशी सलग ऐकलं. चिरा नीट सुटून येतो तेव्हा छिन्नीचा आवाज बदलतो. तसं काहीतरी झालं. कुठे अडलं नाही. मधे एक सूर त्याने इतका लांब धरला की परातीजवळच्या बायका कालथा हातात धरून थांबल्या.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या लोकांनी हात जोडले होते. पब्लिककडे न बघता देवासाठी वाजवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. मागच्या वर्षी उठून गेलेली म्हातारी डोळे पुसत होती.

भाई मंचाजवळ आले. "फुडल्या वर्सा पण वाजव," ते म्हणाले. "पण असोच. देवाकडे तोंड करून."

"भाई, तसा वाजवूचाच लागतला," लवू म्हणाला. हे त्यांना फार आवडलं.

घरी जाताना पेटी माझ्या खांद्यावर, गिटार लवूच्या पाठीवर आणि उरलेला शिरा गोदूबाईच्या हातात. तिची जागा परातींजवळ होती. सगळ्या वाडीला लवूची पाठ दिसली होती, तोंड तिला एकटीला.

"तुझे दात दुखतत काय रे?" तिने विचारलं.

"नाय. कित्याक?"

"वाजयताना तुझा तोंड बगलंय. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. माका वाटला, खाली पडतलंस."

"ब्लूज वाजयताना तसाच होता."

गोदूबाईने शिरा या हातातून त्या हातात घेतला. "मगे मेल्या, घरात भिंतीकडे तोंड करून कित्याक बसतंस?" ती म्हणाली. "चुलीकडे बस. थयसर ट्यूबलाईट नाय."

दुसऱ्या दिवशी मी, तिने रात्री मला दिलेला शिऱ्याचा डबा परत द्यायला गेलो. माळ्यावरच्या रिकाम्या जागेत तिने सोलांची बरणी ठेवली होती.